चरका आणि शार्डोने

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात थंडी पडली की माणूस स्वेटर नंतर काढतो, आधी बागेत जाऊन केळीचा पोगा, म्हणजे शेंड्याचं गुंडाळलेलं नवं पान, बघतो. पारा १०-१२ च्या खाली गेला की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवणाऱ्या झाडाचा घड खोडातच अडकून बसतो आणि जे तयार झालंय त्याची साल काळपट पडते. याला आम्ही चरका बसला म्हणतो. मग रात्री बांधावर कचरा पेटवून धूर करा, पहाटे मोटार चालू करून पाणी द्या, फळपीक विम्याच्या कागदात कमी तापमानाचे किती दिवस भरले ते मोजत बसा. माझं वय ४३, त्यातली वीसेक वर्षं थंडीला शिव्या घालण्यात गेली असं धरायला हरकत नाही.

म्हणून दाजींनी एकदा फोनवर सांगितलं की आम्ही थंडीसाठी डोंगरावर जाऊन द्राक्ष विकत घेतो तेव्हा मला वाटलं माणूस परदेशात राहून जरा बिघडला.

ताई आणि दाजी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला राहतात, चौदा वर्षं झाली. दाजी फैजपूरकडचे, काम कॉम्प्युटरचं, पण पाच-सहा वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये वीस लिटरच्या कॅनमध्ये वाईन करून बघितली, ती म्हणे पिण्यासारखी नव्हती (ताईच्या भाषेत, फरशी पुसायला बरी होती), मग चुका करत करत आता पाच घरं मिळून दरवर्षी एक टन द्राक्ष घेतात आणि फक्त शार्डोने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, करतात. विकत नाहीत, विकायला तिथं लायसन लागतं, घरच्यासाठी केली तर चालते. पाच घरांत आमची ताई, एक कोल्हापूरचं कुटुंब, एक केरळी आणि दोन तिथलेच शेजारी. मागच्याच्या मागच्या वर्षी माझी बाग फेब्रुवारीत उरकली, नवीन लागवड जूनमध्ये, मधे वेळ होता. ताई म्हणाली ये, मार्चमध्ये तोडणी असते, हात कमी पडतात. तिकीट तिनंच काढलं.

घरी आप्पांना काय सांगायचं हा प्रश्न होता. आप्पा माळकरी, पंढरीची वारी चुकत नाही. मी म्हटलं द्राक्षाच्या शेतावर कामाला चाललो. खोटं नव्हतं. ते म्हणाले, "द्राक्षाचं काय करतीन?" मी म्हटलं रस. तेही खोटं नव्हतं. नंतर ताईनंच व्हिडिओ कॉलवर सगळं सांगून टाकलं आणि नाव पण सांगितलं, तेव्हापासून आप्पा त्याला शारदा म्हणतात, शार्डोने काही त्यांच्या तोंडी बसलं नाही.

विमानात एक कार्ड भरून घेतात, त्यात विचारतात की गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होता का. आता मी शेतातूनच गाडीत बसून निघालेलो. हो लिहिलं. बुटाला बागेची माती होती, बॅगेत आईनं दिलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि लोणचं. अधिकारी बाईंनी लोणच्याकडं फार बघितलं नाही, पण बूट मात्र आत नेले आणि दहा मिनिटांनी पिशवीत घालून परत दिले, दुकानातून आणले तेव्हा नव्हते इतके स्वच्छ. मला तेव्हा जरा लागलं, पण दाजींनी गाडीत समजावलं. फायलोक्झेरा म्हणून एक बारीक किडा आहे, माव्याच्या भाऊबंदातला, मुळांवर बसतो. एकोणिसाव्या शतकात त्यानं युरोपातल्या बागाच्या बागा संपवल्या. साऊथ ऑस्ट्रेलियात तो अजून शिरलेला नाही, म्हणून तिथं बऱ्याच वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आपल्या नाशिककडं डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात तसं तिथं करावंच लागतं असं नाही. एका बुटाच्या मातीतून सगळं जाऊ शकतं. केळीवाल्याला हे पटायला वेळ लागत नाही, आमच्याकडं एका शेतातून दुसऱ्या शेतात सीएमव्ही, केळीवरचा विषाणू, कसा जातो ते बघितलेलं आहे, आणि तरी आमच्याकडं कोणी कोणाचे बूट धुवत नाही.

अ‍ॅडलेड थंड असेल अशी माझी समजूत होती. २४ जानेवारी २०१९ ला तिथं ४६.६ अंश झालं होतं, म्हणजे आपला भुसावळचा मे महिनाच की. पण शहरातून हायवेनं अर्धा तास वर चढलं की अ‍ॅडलेड हिल्स लागतात, आणि तिथं मार्चमध्ये दिवसा २४-२५ आणि पहाटे ९-१०. उंची म्हणाल तर फार नाही, माउंट लॉफ्टीचं टोक सातशे मीटरच्या थोडं वर, आपलं तोरणमाळ हजाराच्या वर आहे. पण ते विषुववृत्तापासून किती लांब, दक्षिणेचा समुद्र किती जवळ, तो सगळा हिशोब वेगळा. आम्ही गेलो ते लेन्सवूडकडं, तो सफरचंदाचा भाग. डिसेंबर २०१९ मध्ये तिथं मोठी आग लागली होती, अ‍ॅडलेड हिल्समधल्या साधारण तिसरा हिस्सा द्राक्षबागा त्यात सापडल्या. काही बांधांवर जळकी झाडं तशीच उभी होती. ज्या म्हाताऱ्याकडून दाजी द्राक्ष घेतात त्याचीही सफरचंदाची बाग आहे आणि कडेला दोन एकर शार्डोने. भाव ऐकून मी क्विंटलमध्ये करून बघितला, आपल्या केळीच्या चांगल्या भावाच्याही चार-पाच पट. पण त्याची मजुरी ऐकल्यावर तो भाव मला फार वाटला नाही.

थंडीचं गणित म्हाताऱ्यानं मला वेलीखाली उभं राहून सांगितलं, दाजी मधे बोलत होते. द्राक्ष झाडावर असेपर्यंत साखर चढत जाते आणि आंबटपणा उतरत जातो. आंबटपणातला एक भाग म्हणजे मॅलिक अ‍ॅसिड, जे सफरचंदात असतं, ते वेल उष्णतेत जाळून टाकते. रात्र गरम असेल तर रात्री पण जळतं. मग साखर भरलेली पण तोंडाला चव यायच्या आत आंबटपणा संपलेला, असं फळ मिळतं. रात्र थंड असली की ते हळू होतं, चव यायला वेळ मिळतो आणि आंबट टिकून राहतं. आपल्याकडं वेल झोपतच नाही, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी, वर्षभर जागी. इथं हिवाळ्यात पानं गळून वेल काडीसारखी उभी राहते. अकलूजकडं पण शार्डोने लावलीय हे मी त्यांना सांगितलं, म्हातारा म्हणाला त्यांना तोडणीची तारीख आमच्यापेक्षा कडक पाळावी लागत असेल. बरोबर बोलला.

गाडीत दाजींनी अजून एक गंमत सांगितली. शार्डोने नावाचं खरंच एक गाव आहे फ्रान्समध्ये, बर्गंडी भागात. आणि १९९९ मध्ये डीएनए तपासला तेव्हा कळलं की शार्डोनेचे आईबाप म्हणजे पिनो न्वार, जी एकदम मानाची, आणि गुए ब्लां, जिला तिकडं कोणी विचारत नव्हतं, गरिबांची जात. म्हणजे एक घर पाटलाचं आणि दुसरं सालदाराचं. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग पोरगी चिवट निघीन.

आता मुख्य गोष्ट, तोडणी कधी. मला वाटलं होतं वाईन करणं म्हणजे पिंपं आणि तळघर, पण सगळ्यात जास्त डोकं लागतं ते या तारखेला. सोमवारी आम्ही ओळींमधून फिरलो, या बाजूचा एक मणी, त्या बाजूचा एक, वरच्या घडाचा, सावलीतल्या घडाचा, असे दोनशे मणी पिशवीत. पिशवी हातानंच चुरगाळली, रस काचेच्या नळकांड्यात, त्यात तरंगणारं मोजमाप सोडलं. तिथं रसातली साखर बोमेमध्ये मापतात, बोमे जितका साधारण तितके टक्के पुढं अल्कोहोल. ११.७ आलं. पीएच ३.१. बिया चावून बघायच्या, तपकिरी आणि करकरीत पाहिजेत, दाजींनी माझ्यापुढं चार बिया चावल्या, मला पण दिल्या, मला तुरट लागल्या एवढंच कळलं. दाजींना १२.२ पर्यंत थांबायचं होतं आणि पाच घरांना शनिवारीच सुट्टी. पण हवामानात शुक्रवारपासून तीन दिवस ३६-३७ दाखवत होते.

त्या रात्री घरात चांगलीच वाजली. ताईचं म्हणणं शनिवार, कारण माणसं नसली तर एक टन कोण तोडणार. दाजींचं म्हणणं गुरुवार पहाट. मी मधे बोललो नाही, जावयाच्या घरी मेव्हण्यानं मधे बोलू नये. तेवढ्यात आप्पांचा कॉल आला, ताईनं चिडून त्यांनाच विचारलं. आप्पांनी आधी विचारलं, "तोडल्यावर पिकतं का?" केळी आम्ही पाऊण तयार झाली की कापतो, कडा बोथट झाल्या की, बाकी पिकण्याचं काम रायपनिंग चेंबरमध्ये. द्राक्ष तोडलं की तोडलं, पुढं पिकत नाही. हे सांगितल्यावर आप्पा जरा वेळ गप्प आणि मग म्हणाले, "थांबले त गोड होईन, पण ढिलं पडीन."

दाजींनी ते वाक्य नंतर खडूनं पिंपावर लिहून ठेवलं, देवनागरीत. म्हाताऱ्याला अर्थ सांगितला तर त्यानं टोपी काढली.

गुरुवारी पहाटे पाचला आम्ही सात जण, डोक्याला बॅटऱ्या. नऊ अंश. बोटं वळत नव्हती, हातात छोटी कात्री, पहिल्या अर्ध्या तासात मी स्वतःचा अंगठा कापला. शार्डोनेचा घड तळहातात मावतो, शंभर-सव्वाशे ग्रॅम. आमचा केळीचा घड २५ किलोचा, चाळीस घड उचलले की टन झाला, आणि इथं टनाला आठ-दहा हजार वेळा कात्री चालवायची. कंबरेत वाकून. वर जाळी, पक्ष्यांसाठी लावलेली, ती डोक्यात अडकते. ऊन आलं की गांधीलमाशा. पण एक सांगतो, उन्हाचा पहिला तिरपा पट्टा ओळीत शिरला आणि त्या हिरव्या मण्यांच्या एका बाजूला सोन्यासारखी झाक दिसली, आत बी दिसत होती, तेव्हा मी फोटो काढायला कात्री खाली ठेवली आणि ती पुन्हा सापडली नाही. दुपारी साडेबाराला शेवटची बादली. शुक्रवारी खरंच ३७ झालं. ताई त्यावर काही बोलली नाही, दाजी पण बोलले नाहीत, त्यांचा संसार टिकायचं कारण हेच असावं.

प्रेस म्हणजे लाकडी पट्ट्यांचा गोल पिंजरा आणि वरून दांड्यानं फिरवत दाबायचा स्क्रू. घड देठासकट आत टाकायचे, देठांमुळे रसाला वाट मिळते. मला उसाच्या रसाच्या गाडीवर चोथा चारदा घालतात तेच माहीत, इथं उलट, हळू दाबा, थांबा, रस गळू द्या, परत दाबा. तीन खेपांत दुपारचे दोन ते रात्रीचे दहा गेले. सुरुवातीचा रस हिरवट आणि इतका गोड-आंबट की मी अर्धा तांब्या प्यायलो. पण तासाभरात भांड्यातला रस तपकिरी व्हायला लागला, रात्रीपर्यंत चहा. माझं काळीज खाली गेलं. आमच्याकडं फळ तपकिरी पडलं म्हणजे व्यापारी गाडी परत पाठवतो. दाजी आरामात बसलेले. म्हणाले आत्ता हवा लागून जे काळं व्हायचंय ते होऊ दे, ते सगळं गाळात बसतं, नंतर वाईन काळी पडत नाही, म्हणून हे काळं पडणं अडवणारा सल्फर या वेळी टाकला नाहीये. माझा विश्वास बसला नाही, पण दोन आठवड्यांनी खरंच तो चहा पिवळट झालेला मी डोळ्यांनी बघितला. शेवटी जोर लावल्यावर रस कडवट यायला लागला की थांबले. टनाचे सहाशे लिटर. पिंजऱ्यात अजून रस होता हो, मला राहवत नव्हतं, पण नाही म्हणाले. चोथा गाईंना.

रात्रभर तो रस म्हाताऱ्याच्या सफरचंदाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, गाळ खाली बसायला. आणि त्या रात्री मी माझा मोठा पराक्रम केला.

हे काम नव्वद टक्के धुणं आहे. बादल्या धुवा, पाइप धुवा, प्रेसची प्रत्येक पट्टी धुवा, फरशी धुवा. आमच्या पॅकहाऊसला केळी तुरटीच्या पाण्यातून काढतात, चीक जायला, आणि टाक्या ब्लीचिंगनं धुतल्या की काम झालं. मी गॅरेजच्या कपाटात बघितलं तर ब्लीचची बाटली. आनंदानं बादलीत ओतली, पिंपाच्या तोंडाशी नेली, तेवढ्यात दाजी ओरडले. चौदा वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. झालं असं की क्लोरीन आणि लाकूड आणि बुरशी यांचं जमलं तर टीसीए नावाचं एक रसायन तयार होऊ शकतं, त्याचा वास भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, आणि ते इतकं थोडं पुरतं की एकदा पिंपात गेलं तर पिंप जाळून टाका. नव्या फ्रेंच पिंपाला दीड हजार डॉलरच्या वर पडतात. ह्यांची दोन्ही जुनीच घेतलेली, पण तरी. बादली मी रस्त्यापलीकडच्या गटारात ओतून आलो, परत येईपर्यंत ताईनं ती बाटली कचऱ्यात टाकली होती. ती घरात होतीच कशाला यावर पुढं त्यांचं त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, मी झोपायला गेलो.

पिंप २२८ लिटरचं, आतून भाजलेलं. आधी गरम पाणी घालून ठेवतात, लाकूड फुगून फटी बंद होतात. रिकाम्या पिंपात नाक घातलं तर भाजलेले बदाम आणि थोडी व्हॅनिला. वरचा नितळ रस त्यात भरला, उरलेला काचेच्या मोठ्या बरण्यांत. मी दुसरं पिंप तोंडापर्यंत भरलं, आपल्याला सवय, माप भरलेलं पाहिजे. तर सहाव्या रात्री फेस वर येऊन चार-पाच लिटर फरशीवर. फेसाला जागा सोडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल.

यीस्ट विकतचं टाकलं नाही, द्राक्षाच्या सालीवर आणि शेडमध्ये असतं तेच. पाच दिवस काहीच नाही. मग सहाव्या दिवशी सकाळी दाजींनी मला पिंपाला कान लावायला सांगितलं. आत पाऊस पडत होता. पत्र्यावर नाही, केळीच्या पानांवर पडतो तसा, बारीक, सतत. पुढचे पंधरा दिवस मी रोज चहा घेऊन आधी तिथं जायचो. शेडची दारं मात्र उघडी, कारण तो आवाज म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जड वायू, खाली साचतो. आपल्याकडं जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात, तोच प्रकार.

नवव्या दिवशी एका पिंपाला सडक्या अंड्याचा वास. मी म्हटलं गेलं. दाजी म्हणाले भुकेलं आहे, यीस्टला नायट्रोजन कमी पडला की असं होतं, आणि कपाटातून एक पांढरी पावडर काढली. डब्यावर लिहिलेलं बघतो तर डीएपी. अहो डीएपी! सोसायटीत रांगेत उभं राहून, आधार दाखवून, वर नको असलेलं खत लिंकिंगमध्ये घेऊन जी गोणी मिळते ती १८:४६, तीच डायअमोनियम फॉस्फेट, फक्त खाण्याच्या प्रतीची. चमचाभर पाण्यात विरघळवून टाकली, लांब दांड्यानं ढवळलं, दोन दिवसांत वास गेला. केळी असो का शार्डोने, शेवटी खायला डीएपीच, हे मी आमच्या कृषी केंद्रवाल्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला तिकडं लिंकिंग आहे का.

एप्रिलच्या मध्यात मी परत आलो. जळगावला उतरलो तर ४३. त्यापुढचं सगळं फोनवर. साखर संपली, मग हिवाळाभर पिंपातला गाळ मधूनमधून ढवळायचा, त्यानं वाईनला अंग येतं. पिंपातून जेवढं उडून जातं तेवढं बरणीतलं भरायचं. मॅलिक अ‍ॅसिडचं जिवाणू लॅक्टिक करतात, म्हणजे सफरचंदाचा आंबटपणा जाऊन दह्याचा येतो आणि जास्त झालं तर लोण्याचा वास. दाजींनी एक पिंप तसं होऊ दिलं, दुसरं सल्फर टाकून अडवलं आणि शेवटी दोन्ही एकत्र केली. सप्टेंबरमध्ये म्हाताऱ्याकडं पारा शून्याला गेला, शार्डोनेला डोळे लवकर फुटतात, नवे कोंब जळाले असते म्हणून रात्रभर त्यानं वेलींवर पाण्याचे फवारे चालवले, कोंबावर बर्फाचं कवच झालं की आतलं वाचतं. दाजींनी व्हिडिओ पाठवला, अंधारात म्हातारा टोपी घालून पंपाजवळ उभा. मी तो तीनदा बघितला. ज्या थंडीच्या जिवावर त्याचा भाव आहे तिचाच त्याला चरका. आमच्या बांधावरचा धूर आणि त्याचे फवारे, रात्र तीच.

जानेवारीत बाटल्या भरल्या, साडेसहाशेच्या आसपास, फिरकीचं झाकण. बूच नाही. तिथं क्लेअर व्हॅलीच्या वाईनवाल्यांनी २००० साली मिळून फिरकीचं झाकण घेतलं तेव्हापासून बुचाचा सोस कमी झाला म्हणे. मला बरं वाटलं, बूच काढायचं यंत्र आमच्या अख्ख्या गावात नसेल.

मग गेल्या डिसेंबरात ताई आली, बॅगेत दोन बाटल्या, दोन लिटरपर्यंत आणता येतं. साड्यांत गुंडाळलेल्या. घरात उघडायचा प्रश्नच नव्हता, आप्पांची माळ आणि आईचं देवघर. शेतात बसलो. मी, चुलतभाऊ, कृषी केंद्रवाला, आणि ताई पण आली, ती म्हणाली मी तोडलीय, मी का नाही यायचं. बामणोदची वांगी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, लाकडाच्या भांड्यात मुसळीनं ठेचलेली, पातीचा कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची. कळण्याची भाकरी. बाटली दोन तास हौदात सोडून ठेवली होती, फ्रीजची गरजच नव्हती, पारा ११.

ग्लास नव्हते, फुलपात्रात ओतली. पहिला घोट मला काहीच लागला नाही, नुसतं गार आणि आंबट. कृषी केंद्रवाला म्हणाला, "भो, याच्यात लिंबू पिळलं का?" चुलतभावानं एक घोट घेऊन फुलपात्र बाजूला ठेवलं आणि स्वतःची बिअर काढली, त्याचा दोष नाही. ताई म्हणाली फार गार आहे, हातात धरून ठेवा जरा. वीसेक मिनिटांनी मग वास उघडला, हिरवं सफरचंद, लिंबाच्या सालीचा, आणि मागं तो पिंपाचा भाजका बदाम. भरताच्या तेलकटपणाला तो आंबटपणा असा कापत जातो की पुढचा घास पहिल्यासारखा लागतो, हे खरंच. पण मिरचीबरोबर जमत नाही, मिरची असलेला घास आला की वाईन जीभ जाळते आणि चव मरते. आमचं भरीत मिरचीशिवाय म्हणजे भरीतच नाही, त्यामुळं शेवटी मी भरीत बाजूला सारून बिबड्यांबरोबर संपवली. त्यातलं त्यात ते छान लागलं. बियांचा तुरटपणा शोधत होतो, नव्हता.

अकराच्या सुमाराला बांधावरून बॅटरी हलत आली. आप्पा. रात्रीची लाईट पावणेबाराला येणार होती, मोटार चालू करायची होती, पोरगा फोन उचलत नाही म्हणून स्वतःच आले. चुलतभाऊ बिअर लपवायला उठला तर फुलपात्र सांडलं. आप्पांनी कोणाला काही म्हटलं नाही. ताईच्या शेजारी खाली बसले, रिकामी बाटली उचलून तोंडाशी न नेता नाकाशी नेली.

"सफरचंद," म्हणाले.

मग बाटली तशीच हातात धरून मला विचारलं, "ढिलं त नाही पडलं?"

मी म्हटलं, नाही आप्पा.

"बरं झालं. चाल, पारा नऊवर आला."

बांधावरचा कचरा पेटवून ठेवला आणि मी मोटारीकडं गेलो.